संगणकाचें दप्तर मंद कां होतें?

शाळेच्या कचेरीसमोर जून महिन्यांत जी रांग लागते ती आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली आहे. कोणास शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे असतो, कोणास गुणपत्रिकेची नक्कल, तर कोणास जन्मतारखेचा उतारा. पूर्वीं हीं सर्व कामें जाडजूड जनरल रजिस्टरें चाळून होत असत; आतां तीं संगणकावर होतात, आणि म्हणून तीं क्षणांत व्हावीं अशी सर्वांची अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे. परंतु कधीं कधीं असें घडतें कीं, कालपर्यंत चार-दोन सेकंदांत निघणारा दाखला आज दहा मिनिटें लोटलीं तरी निघत नाहीं. पडद्यावर एक चक्र फिरत राहतें, आणि खिडकीबाहेरील माणसाच्या मनांत, "हे लोक आंत बसून करितात तरी काय?" असा प्रश्न उभा राहतो. त्या चक्राच्या मागें काय चाललेलें असतें, यंत्र अगोदर कोणते इशारे देत असतें, आणि ते वाचून दोष कसा शोधावा, हें प्रस्तुत लेखांत यथामति सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय आम्हीं कां निवडला तें प्रथम सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांतील एका सोमवारीं एक गृहस्थ आपल्या मुलाचा दाखला नेण्यासाठीं सकाळीं दहा वाजतां कचेरीशीं येऊन उभे राहिले. ते गवंड्याच्या हाताखालीं रोजंदारीवर काम करणारे होते. मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत प्रवेश मिळाला होता, आणि कागदपत्रें दाखल करण्याचा शेवटचा दिवस दुसराच होता. बारा वाजले, एक वाजला, तरी दाखला निघेना. आम्ही वर्गावरून परत येत असतां त्यांनीं हलक्या आवाजांत विचारलें, "सर, आजचा खाडा तर पडलाच, पण दाखला आज मिळेल ना?" आम्हांस फार वाईट वाटलें, आणि वाईट वाटलें म्हणजे मनुष्य बहुधा जो समोर दिसेल त्यावरच रागावतो. आम्हीं आंत जाऊन कारकुनांस चारचौघांदेखत म्हटलें, "भाऊसाहेब, लोकांची मजुरी बुडते आहे, आपण जरा हात चालवावा." त्यांनीं मान वर करून एवढेंच उत्तर दिलें, "सर, माझें बटण दाबून केव्हांच झालें आहे. आतां यंत्र सोडील तेव्हां खरें." तें उत्तर आम्हांस सबब वाटलें. ती सबब नव्हती, हें आम्हांस चार दिवसांनीं समजलें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. डेटाबेस म्हणजे सुव्यवस्थित रीतीनें मांडून ठेवलेल्या माहितीचें दप्तर होय. एडगर कॉड नांवाच्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं असा विचार मांडला कीं, मोठमोठ्या संग्रहांतील सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी, आणि ती कोठें व कशी साठविली आहे ह्याची चिंता मागणाऱ्यास नसावी. एका कोष्टकांत विद्यार्थ्यांचीं नांवें, दुसऱ्यांत हजेरी, तिसऱ्यांत गुण. आणि ह्या सर्वांस जोडणारा धागा म्हणजे विद्यार्थ्याचा क्रमांक. आज बँकांपासून शाळांपर्यंत असंख्य ठिकाणीं हीच पद्धत चालू आहे. अशीं दप्तरें सांभाळणाऱ्या कार्यप्रणाली अनेक आहेत. त्यांपैकीं 'पोस्टग्रेस' ही एक विनामूल्य मिळणारी प्रणाली असून तिचा आरंभ १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं झाला. आमच्या कचेरींतील दप्तर हिच्याच हवालीं असल्यामुळें पुढील विवेचन आम्ही तिच्याच आधारानें करणार आहों.

हा यांत्रिक कारकून काम कसें करितो? त्याच्यापुढें एक लहानसें मेज आहे आणि मागें एक मोठें कपाट आहे अशी कल्पना करा. मेज म्हणजे संगणकाची स्मृति, जिला इंग्रजी शिकलेले लोक रॅम म्हणतात. कपाट म्हणजे डिस्क. मेजावरील कागद तत्काल हातीं येतो, पण मेज लहान असतें, आणि वीज गेली कीं त्यावरील सर्व कागद नाहींसे होतात. कपाट मोठें असतें आणि वीज गेली तरी त्यांतील कागद सुरक्षित राहतात. पण तेथवर जाऊन पान काढून आणावयास वेळ लागतो. हा वेळ किती अधिक, ह्याची कल्पना सामान्य मनुष्यास सहसा नसते. स्मृतींतील माहिती सुमारें १०० नॅनोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत मिळते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील कोठलेंहि एक पान काढण्यास सुमारें १२ मिलिसेकंद लागतात. हीं दोन्हीं मानें डोळ्यांस इतकीं लहान दिसतात कीं त्यांतील अंतर ध्यानांत येत नाहीं. म्हणून असें समजा कीं, मेजावरील कागद उचलण्यास एक सेकंद लागतो. तर त्याच हिशेबानें कपाटांतून एक पान आणण्यास सुमारें ३३ तास लागतील!

इतका वेळ कां लागतो तें डिस्कच्या रचनेवरून समजेल. पहिली फिरती डिस्क आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं जगापुढें आणली. तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवाढव्य यंत्रांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आजची हार्ड डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यांत लक्षावधि ग्रंथ मावतात. तथापि मूळ तत्त्व तेंच आहे. तबकडी फिरत असते, आणि तिच्यावर एक बारीक दांडी पुढें-मागें सरकून पाहिजे त्या वर्तुळावर जाऊन थांबते. साधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२० फेरे, आणि एका फेऱ्यास सुमारें ८ मिलिसेकंद. पाहिजे असलेली जागा दांडीखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ४ मिलिसेकंद; आणि दांडी योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारें ८ मिलिसेकंद. बेरीज १२ होते. विद्यार्थ्यांनीं १,००० ला १२ नें भागून पाहावें, म्हणजे अशी डिस्क एका सेकंदांत इतस्ततः विखुरलेलीं सुमारें ८० च पानें काढूं शकते हें दिसून येईल. पोस्टग्रेसचें एक पान ८ किलोबाइटचें असतें. म्हणजे सेकंदास अवघे ६४० किलोबाइट. तीच डिस्क जर ओळीनें लागलेलीं पानें वाचूं लागली, दांडी हलवावीच लागली नाहीं, तर सेकंदास १५० मेगाबाइट वाचणें तिला जड नाहीं. फरक दोनशें पटींहून अधिक! ह्यावरून ध्यानांत घ्यावें कीं, डिस्कला कामाच्या ओझ्यापेक्षां धांवाधांव अधिक दमविते.

आतां एका मागणीस १२ मिलिसेकंद लागत असतील तर त्यांत एवढें बिघडलें काय, असें कोणी विचारील. एकट्या मागणीचें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें रांगेमुळें. रांगांचें गणित डेन्मार्कमधील एर्लांग ह्या इंजिनिअरनें कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीसाठीं काम करितांना मांडण्यास आरंभ केला. त्याचा पहिला निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या शास्त्राचा एक सोपा नियम असा आहे. मागण्या अनियमितपणें येतात आणि एका वेळीं एकच पुरी होते असें धरलें, आणि एका मागणीस नुसत्या कामाचा वेळ १० मिलिसेकंद मानला, तर डिस्क निम्मा वेळ गुंतलेली असतां वाट पाहण्यासह सरासरी वेळ २० मिलिसेकंद होतो. डिस्क शेंकडा ८० वेळ गुंतली तर ५०. शेंकडा ९० गुंतली तर १००. आणि शेंकडा ९५ गुंतली तर २०० मिलिसेकंद! म्हणजे ९० वरून ९५ वर जातांना काम थोडेंसेंच वाढलें, पण वाट पाहणें दुप्पट झालें. म्हणूनच यंत्र "काल तर चांगलें चालत होतें" आणि आज एकाएकीं बसतें. तें एकाएकीं बसलेलें नसतें. तें कित्येक दिवस कड्याच्या टोंकाकडे सरकत असतें.

वाचण्याचें झालें, आतां लिहिण्याचें पाहूं. येथें आपल्या जुन्या पेढ्यांवरील हिशेबाची पद्धत आठवावी. दुकानदार दिवसभरांतील प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दींत घडेल त्या क्रमानें लिहितो, आणि मग सवडीनें ज्याच्या-त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणींत, उतरवून घेतो. पोस्टग्रेस नेमकें हेंच करितें. एखादा गुण नोंदला कीं तो प्रथम कीर्दींत लिहिला जातो, आणि ती कीर्द खरोखर डिस्कवर उमटली ह्याची खात्री झाल्यावरच "नोंद झाली" असें उत्तर मिळतें. खतावणीचीं पानें तूर्त मेजावरच दुरुस्त होऊन पडून राहतात. ठराविक काळानें, किंवा कीर्द फार वाढली म्हणजे, तीं सर्व पानें कपाटांत नेऊन ठेवण्यांत येतात. ह्या क्रियेस चेकपॉइंट असें नांव आहे. वीज अकस्मात् गेली तर मागच्या चेकपॉइंटपासूनची कीर्द पुन्हां वाचून खतावणी बिनचूक उभी करितां येते. ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे तें सांगावयास नकोच.

परंतु चेकपॉइंट वारंवार होऊं लागला तर हीच व्यवस्था भार होऊन बसते. कारण असें कीं, प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानास प्रथम हात लागला कीं, लिहितां लिहितां पान अर्धवट राहून बिघडूं नये म्हणून, त्या संबंध पानाची नक्कल कीर्दींत उतरून ठेवावी लागते. चेकपॉइंट जितके अधिक, तितक्या ह्या नकला अधिक. नकला अधिक झाल्या कीं कीर्द लवकर भरते. आणि कीर्द भरली कीं पुन्हां चेकपॉइंट! हें दुष्टचक्र चालू झालें म्हणजे डिस्कला क्षणाचीहि उसंत मिळत नाहीं. पोस्टग्रेसच्या मूळ ठेवणींत चेकपॉइंटचें अंतर ५ मिनिटें आणि कीर्दीची मर्यादा १ गिगाबाइट असते. कीर्द भरल्यामुळें होणारे दोन चेकपॉइंट ३० सेकंदांच्या आंत येऊं लागले, तर तें यंत्र आपल्या रोजनिशींत इशारा लिहून ठेवतें कीं, चेकपॉइंट फार लवकर लवकर होत आहेत, मर्यादा वाढविण्याचा विचार करावा. इतर प्रणालींतहि असे इशारे असतात. मायक्रोसॉफ्टच्या एस्‌क्यूएल सर्व्हरमध्यें डिस्ककडे केलेली मागणी १५ सेकंदांत पुरी झाली नाहीं तर तशी नोंद होते. आणि मायएस्‌क्यूएलमध्यें मंद चौकशींची निराळी यादी ठेवितां येते. यंत्र मुकें नसतें. त्याची रोजनिशी वाचणारा मात्र पाहिजे.

आमच्या येथें तो वाचणारा चार दिवसांनीं मिळाला. शाळेचा एक माजी विद्यार्थी शहरांत अशाच दप्तरांचें काम पाहतो. तो सुट्टींत घरीं आला होता. आम्हीं त्यास बोलाविलें, तेव्हां आमची अपेक्षा अशी कीं तो येतांच नवा संगणक घ्या म्हणून सांगेल. त्यानें तसें कांहीं केलें नाहीं. भाऊसाहेबांच्या शेजारीं स्टूल ओढून तो बसला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही रोजच्यासारखें काम करा, मी नुसतें पाहतों." प्रथम त्यानें टास्क मॅनेजर उघडला. संगणकाचा मेंदू, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो बहुतांशीं रिकामा होता. पण डिस्कपुढें शेंकडा १०० असा आंकडा स्थिर होता. ह्यावरून ठरलें कीं अडवणूक विचार करण्यांत नसून आणण्या-नेण्यांत आहे. ही पहिली पायरी फार महत्त्वाची होय. कारण दोष कोठें आहे तें न पाहतां उपाय करूं लागणें म्हणजे पोट दुखत असतां डोक्यास पट्टी बांधण्यासारखें आहे. स्मृति अपुरी पडून संगणक डिस्कलाच मेज म्हणून वापरीत नाहीं ना, आणि डिस्क स्वतःच जीर्ण होऊन एकेक पान पुन्हां पुन्हां वाचीत नाहीं ना, हेंहि त्यानें तपासून पाहिलें. तसें कांहीं नव्हतें.

मग त्यानें रोजनिशी उघडली. चेकपॉइंट लवकर होत असल्याचा इशारा तेथें गेले तीन आठवडे रोज लिहिलेला होता. कोठें २७ सेकंदांचें अंतर, कोठें २४. तीन आठवडे यंत्र हांक मारीत होतें आणि आम्हां कोणासहि ती ऐकूं आली नव्हती. त्यानंतर त्यानें त्या क्षणीं कोणकोणत्या चौकशा चालू आहेत त्यांची यादी काढली, आणि प्रत्येक चौकशी यंत्र कोणत्या मार्गानें पुरी करितें तें एक्सप्लेन ह्या आज्ञेनें विचारून घेतलें. दोन तासांत तीन कारणें हातीं आलीं.

पहिलें कारण हजेरीचें. दाखल्यावर विद्यार्थ्याच्या शेवटच्या हजेरीचा दिवस लिहावा लागतो. आमच्या शाळेंत सुमारें १,२०० विद्यार्थी, वर्षाचे सुमारें २२० दिवस, आणि दिवसांतून दोनदां हजेरी. म्हणजे एका वर्षाच्या ५ लाख २८ हजार ओळी आणि दहा वर्षांच्या ५० लाखांवर. ह्या कोष्टकास विद्यार्थ्याच्या क्रमांकाची सूची नव्हती. म्हणून एका मुलाचा शेवटचा दिवस शोधण्यासाठीं यंत्र दर वेळीं सर्व ५० लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत होतें. ग्रंथाच्या शेवटीं सूची नसेल तर एका नांवासाठीं संबंध ग्रंथ चाळावा लागतो, तसाच हा प्रकार. दुसरें कारण गुणांचें. शिक्षकांनीं एक गुण लिहून बटण दाबलें कीं, तो कार्यक्रम साऱ्या शाळेचा गुणानुक्रम नव्यानें मांडून सर्व ओळी पुन्हां लिहीत असे. दहा शिक्षक एकाच वेळीं बसले म्हणजे कीर्द पुराच्या पाण्यासारखी चढे. त्यांत कीर्दीची मर्यादा ज्यानें कोणी प्रथम बसविली त्यानें ती ६४ मेगाबाइट एवढीच ठेविली होती. तिसरें कारण संरक्षक प्रतीचें. संबंध दप्तराची प्रत रोज सकाळीं अकरा वाजतां, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळीं, निघत होती. आणि तीहि त्याच डिस्कवर! एकाच दांडीनें एकीकडे हजेरी वाचावयाची, दुसरीकडे गुण लिहावयाचे, आणि मधूनच प्रत काढावयाची. ती बिचारी धांवून धांवून थकली ह्यांत नवल तें काय? आणि ह्या सर्वांचा दोष आम्हीं एका कारकुनाच्या हातांस लाविला होता.

उपायांचा क्रमहि शिकण्यासारखा आहे. त्यानें प्रथम पैसे मागितले नाहींत. प्रथम काम कमी केलें. हजेरीच्या कोष्टकास विद्यार्थी-क्रमांक व दिनांक ह्यांची जोडसूची करून दिली. अशी सूची झाडाच्या फांद्यांप्रमाणें रचलेली असते. ह्या रचनेचें वर्णन बायर व मॅक्रेट ह्या दोघांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. तिच्यामुळें हजारों पानांऐवजीं चार-पांच पानें उघडतांच शेवटची तारीख हातीं लागते. गुणांचे बाबतींत असें ठरलें कीं, शिक्षकांनीं वर्गाचे चाळीसहि गुण भरून ते एकदमच नोंदवावे, आणि गुणानुक्रम सायंकाळीं एकदां मांडावा. चाळीस वेळां "डिस्कवर उमटलें काय?" अशी खात्री करण्याऐवजीं ती एकदांच करणें, ही बचत लहान नव्हे, कारण मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी अशी खात्री एकामागून एक फार तर सेकंदास १२० वेळांच देऊं शकते. दुसरी पायरी कामाची वेळ व जागा बदलण्याची. संरक्षक प्रत रात्रीं निघावी आणि ती निराळ्या डिस्कवर ठेवावी. म्हणजे गर्दीहि टळते आणि एक डिस्क नष्ट झाली तरी दुसरी राहते. तिसरी पायरी ठेवणीची. कीर्दीची मर्यादा ६४ मेगाबाइटवरून १ गिगाबाइटवर नेली. हिची किंमत एवढीच कीं, वीज अकस्मात् गेल्यास पुन्हां उभे राहण्यास यंत्रास थोडा अधिक वेळ लागतो. ती आम्हांस मान्य होती. आणि चौथी पायरी, सर्वांत शेवटीं, नवीन उपकरणाची. फिरती तबकडी नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क पुढील वर्षीं घेण्यांत आली. तिला दांडी हलवावयाची नसल्यामुळें ती सेकंदास हजारों विखुरलेलीं पानें सहज काढते. मग ती पहिल्यानेंच कां घेतली नाहीं? कारण सूची नसलेलें दप्तर वेगवान् डिस्कवर ठेवलें तर निरर्थक काम वेगानें होतें, इतकेंच; आणि दप्तर वाढत गेलें कीं तोच दोष पुन्हां उभा राहतो.

येथें दोन निषिद्ध उपायांचा उल्लेख करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पोस्टग्रेसमध्यें एक कळ अशी आहे कीं, ती फिरविली असतां कीर्द डिस्कवर उमटल्याची खात्री न करितांच "नोंद झाली" असें उत्तर मिळतें. काम पुष्कळ वेगानें चालतें, आणि पाहणारा खूष होतो. परंतु मध्येंच वीज गेली तर दप्तर असें विस्कटूं शकतें कीं तें जुन्या प्रतीवरूनच पुन्हां उभारावें लागेल. न केलेलें काम केलें म्हणून सांगणारा मनुष्य आपण नोकरीस ठेवीत नाहीं. मग यंत्रास ती मुभा कां द्यावी? दुसरा निषिद्ध उपाय म्हणजे इशाराच बंद करणें. तशीहि सोय आहे; एक आंकडा शून्य केला कीं रोजनिशी शांत होते. पण ती शांति स्वस्थतेची नसते. ताप आलेल्या मुलाजवळील थर्मामीटर फोडून टाकल्यानें ताप उतरत नाहीं, हें प्रत्येक आई जाणते.

त्या सोमवारीं तो दाखला सायंकाळीं साडेपांच वाजतां निघाला. तो मुलगा दुसऱ्या दिवशीं वेळेवर पोहोंचला व त्याचा प्रवेश राहिला. पण त्याच्या वडिलांची एका दिवसाची मजुरी गेली ती गेलीच, आणि रांगेंतील आणखी दोघांस हात हलवीत परत जावें लागलें. दोष सापडला त्या दिवशीं आम्ही भाऊसाहेबांकडे गेलों, आणि जसे चारचौघांदेखत बोललों होतों तशीच चारचौघांदेखत त्यांची क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "सर, मलाहि वाटत होतें कीं माझेंच कांहीं चुकतें आहे." हे शब्द आम्हांस रागाच्या शब्दांपेक्षां अधिक लागले. जो निर्दोष असून तीन आठवडे स्वतःस दोषी समजत होता, त्यास धीर देण्याऐवजीं आम्हीं त्याच्या शंकेस पुष्टि दिली होती.

पवित्र शास्त्रांतील निर्गमाच्या पुस्तकांत, अठराव्या अध्यायांत, मोशेची एक गोष्ट आहे. तो एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसे आणि लोक त्याच्या सभोंवतीं ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला, त्यानें हें पाहिलें, आणि मोशेस आळशी म्हटलें नाहीं किंवा लोकांस उतावळे म्हटलें नाहीं. त्यानें कामाची मांडणी चुकली आहे असें दाखविलें, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर निरनिराळे नायक नेमून हलकीं प्रकरणें त्यांच्याकडे सोंपविण्याचा सल्ला दिला. आमचा माजी विद्यार्थी स्टुलावर बसून नुसतें पाहत होता तेव्हां आम्हांस त्या वृद्ध इथ्रोची आठवण झाली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कित्येकजण पुढें अशींच यंत्रें चालवितील. तेव्हां हा क्रम विसरूं नका: आधीं पाहा, मग मोजा, मग काम कमी करा, मग वेळ बदला, आणि शेवटीं पैसा खर्च करा. आणि पालकहो, कचेरीच्या खिडकीशीं आपणांस वाट पाहावी लागली तर आपण अवश्य विचारा. आपला दिवस मोलाचा आहे, आणि त्याचा जाब देणें आमचें काम आहे. आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर भाऊसाहेब आणि आम्ही मिळून त्या यंत्राची रोजनिशी वाचतों. दहा मिनिटें पुरतात.